चार घरं, एक खोकं: परसात कोंबड्या पाळायला शिकताना

कोंबड्या पाळायच्या ठरवल्यात ना, मग पिल्लांची चौकशी करायच्या आधी तुमच्यासारखीच आणखी तीन घरं गाठा. वाडीतली, गल्लीतली, पलीकडच्या मळ्यातली, कुठलीही चालतील. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, एका खोक्यात १००. आत चार कप्पे असतात आणि दर कप्प्यात २५ पिल्लं. मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाच्या लसीची लहानातली लहान बाटलीसुद्धा बहुतेक ठिकाणी १०० पिल्लांना पुरेल एवढीच मिळते, आणि एकदा ती कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. एकट्या घराने १०० पिल्लं घेतली तर नवख्या माणसाला ती झेपत नाहीत. २५ घेतली तर तेवढ्यासाठी बाटली फोडायला मन होत नाही, मग लस राहून जाते. आणि लस राहिली की उन्हाळ्यात आठवड्याभरात खुराडं मोकळं होतं.

मी अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगराकडच्या वाड्यांमध्ये पशुसखी म्हणून काम करते. उमेद अभियानातून आम्हा बायांना याचं प्रशिक्षण मिळालं. घरोघर जाऊन शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, कोंबड्यांना लस द्यायची, आजारी जनावर दिसलं की दवाखान्यात कळवायचं, हे माझं काम. "कोंबड्यांना रोग यायचाच, त्यात काय एवढं," हे वाक्य मी फार ऐकलंय. मला ते पटत नाही. वाडीत बहुतेक कोंबड्या मरतात त्या तीन कारणांनी: पहिल्या आठवड्यात थंडीने, पावसाळ्यात खाली अंथरलेल्या ओल्या तुसाने आणि उन्हाळ्यात मानमोडीने. तिन्ही टाळता येतात, आणि तीही फार पैसा न घालता. म्हणून मी पुढे खुराड्याच्या रंगरूपापेक्षा या तिन्हीवरच जास्त लिहिणार आहे.

महिना कुठला धरायचा

आमच्याकडे मी सगळ्यांना फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीचा महिना सांगते. कडाक्याची थंडी ओसरलेली असते, त्यामुळे पिल्लांना ऊब देणं सोपं जातं. पाऊस यायला तीन महिने असतात, तोवर पिल्लं पिसांनी भरतात. हिशेब उलटाही मांडून बघा. कोंबड्याला सगळ्यात जास्त मागणी असते ती आखाडात. श्रावण लागला की बाजार थंड होतो, पुढे नवरात्र आणि मार्गशीर्षातही तेच. फेब्रुवारीअखेरची पिल्लं आखाडापर्यंत चार-साडेचार महिन्यांची होतात आणि त्यातले नर दीड किलोच्या पुढे गेलेले असतात. माद्या, ज्यांना आम्ही तलंगा म्हणतो, त्या श्रावण-भाद्रपदात अंड्यावर येतात. पुढे थंडीत अंड्याला भाव असतो तेव्हा त्या ऐन भरात असतात.

जूनमध्ये पिल्लं आणू नका. आमच्या भागात पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही, वीज टिकत नाही आणि तूस वाळत नाही. अनुभवी माणूस त्यातून निभावून नेतो, पण शिकायला तो महिना नाही.

कोणती पिल्लं

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, स्वतः अंड्यांवर बसते, पिल्लं वाढवते आणि घारीला ओळखते. वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या जाती. वनराज अंगाने भरते, तिचे नर लवकर विकायला येतात. ग्रामप्रिया अंड्याला चांगली, नीट सांभाळली तर गावरानच्या दुपटीहून जास्त अंडी देते. बंगळुरूकडची गिरिराज आणि कावेरीही आपल्याकडे रुळल्या आहेत. या सगळ्या रंगीत असतात, बाजारात गावरानच्या जवळपास भाव मिळतो. पण त्या खुडूक फारशा होत नाहीत, म्हणजे पिल्लं काढायला त्यांचा भरवसा नाही. त्यासाठी घरात एक-दोन गावरान कोंबड्या असू द्याव्यात.

कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून पुष्कळ जण तिच्या मागे लागले. जात काटक आहे. पण तिचं गिऱ्हाईक तुमच्या बाजारात आहे का, हे आधी विचारून घ्या. आठवडे बाजारात काळ्या मांसाची कोंबडी सगळेच घेत नाहीत.

पिल्लं सरकारी हॅचरीतून घेता येतात. पुण्याला खडकी, शिवाय कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. मागणी आधी नोंदवावी लागते, तेव्हा दिवाळीनंतरच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारायला जा. घेताना एक प्रश्न नक्की विचारा: "मरेक्सची लस दिली का?" मरेक्स हा कोंबड्यांना लुळं पाडणारा विषाणूचा रोग. त्याची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यायची असते, घरी आणल्यावर तिचा उपयोग नाही.

नवख्यांनी महिन्याची वाढवलेली पिल्लं घ्यावीत, असं बरेच जण सांगतात. त्यात मर कमी होते, हे खरं. तरीही मी एक दिवसाचीच घ्या म्हणते, मात्र २५ च. पिल्लाला थंडी वाजते तेव्हा ते कसं ओरडतं, पोट भरल्यावर कसं झोपतं, आजारी पडायच्या आदल्या दिवशी कसं उभं राहतं, हे त्या पहिल्या चार आठवड्यांतच कळतं. पुढे मोठ्या कोंबडीचा आजार तिच्या उभं राहण्यावरून ओळखायचा असतो. ती नजर विकत मिळत नाही.

पिल्लं येण्याआधी

आधी खुराडं. २५ पिल्लांपैकी नर विकून झाल्यावर १२-१५ पक्षी राहतील, पण आखाडापर्यंत सगळे असतील, म्हणून रात्रीच्या निवाऱ्याला दर पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट जागा धरा. आठ फूट लांब, पाच फूट रुंद पुरतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत घुसत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बांबूच्या किंवा लाकडाच्या खांबांवर उभारलं तर ओल चढत नाही आणि घूस पोखरत नाही. वर कौलं असतील तर उत्तम. पत्रा असेल तर त्यावर गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर टाका, नाहीतर एप्रिलमध्ये दुपारी कोंबड्या तोंड उघडून धापा टाकतात. पावसाच्या बाजूने छप्पर तीन फूट पुढे काढा. आमच्याकडे पश्चिमेचा झोडपा असतो, तेवढीच बाजू ताडपत्रीने झाकायची. चारही बाजू कधीच बंद करू नका. आत हवा कोंडली की विष्ठेचा उग्र वास डोळ्यांत जातो आणि कोंबड्या शिंकायला लागतात.

जाळी अर्ध्या इंचाच्या भोकाची घ्या. मोठ्या भोकातून मुंगूस आत येत नसेल, पण मांजराचा पंजा आणि साप येतोच. कडी अशी हवी की नुसत्या धक्क्याने उघडणार नाही. मुंगूस शिरलं तर एक कोंबडी नेऊन थांबत नाही, सापडतील तेवढ्या मारून टाकतं. दार घराच्या बाजूला ठेवा, रात्री आवाज झाला तर ऐकू आला पाहिजे.

आत बसायला अंगठ्यापेक्षा जाड, गोल दांड्या बांधा. कोंबडीला उंचावर झोपायला आवडतं. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद खोकी, चार-पाच कोंबड्यांमागे एक, अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घालून ठेवा. ती पाचव्या महिन्यापर्यंत लागत नाहीत.

पिल्लांसाठी मात्र वेगळी जागा हवी, आणि ती घरातच असावी: पडवी, कोठीचा कोपरा, जिथे वारा थेट येत नाही. दीड फूट उंचीचा पुठ्ठा किंवा पातळ पत्रा वाकवून तीन फूट व्यासाचं गोल कडं करा. गोलच हवं, कारण चौकोनात पिल्लं थंडीने कोपऱ्यात चेंगरतात आणि खालची गुदमरून मरतात. खाली दोन इंच भाताचं तूस पसरा. त्यावर पहिले दोन-तीन दिवस जुने कागद, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. तूस भात गिरणीवरून मार्गशीर्षातच भरून कोरड्या जागी ठेवा, पुढे पावसात मागाल तर मिळत नाही.

कड्याच्या मधोमध बल्ब. एका पिल्लाला साधारण दोन वॅट या हिशेबाने २५ पिल्लांना ५०-६० वॅट लागतात. पांढरा एलईडी इथे कामाचा नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. तारेचा जुना पिवळा बल्बच शोधा. मी एक ६० चा लावण्याऐवजी ४० चे दोन लावायला सांगते. रात्री एक उडाला तरी दुसरा पहाटेपर्यंत तग धरतो. जमिनीपासून फूट-सव्वा फूट उंच टांगा, वर पत्र्याचं किंवा पाटीचं झाकण घाला, आणि तार पक्की बांधा. तुसात पडलेला बल्ब आग लावतो.

पिल्लं यायच्या आधी बल्ब चार तास चालू ठेवून जमीन गरम करा. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस लागतात. पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइट कमी करायचे, म्हणजे बल्ब थोडा वर घ्यायचा आणि कडं थोडं मोठं करायचं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लं स्वतःच सांगतात.

पहिला दिवस, पहिली रात्र

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पिवळ्या बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात असतो. त्यावर ते दोन-अडीच दिवस काढतं, म्हणून तर खोक्यातून इतक्या लांब येऊ शकतं. पण तहान लागलेली असते. आल्याबरोबर उकळून कोमट केलेल्या पाण्यात गूळ विरघळवून द्या, लिटरला मूठभर. प्रत्येक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच एकदा पाण्यात बुडवा. हे कंटाळवाणं वाटतं, पण सोडू नका. एकदा पाणी कळलं की ते पुन्हा तिथेच जातं. पाण्याची ताटली उथळ घ्या आणि तिच्यात धुतलेले खडे टाका. भिजलेलं पिल्लू गारठून मरतं.

दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा शिंपडा. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. इथे काटकसर करू नका. पहिले सहा आठवडे तयार खाद्यच द्या, त्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात आणि ती घरच्या कण्यांतून मिळत नाहीत. सुधारित जातीचं पिल्लू सहा आठवड्यांत दीड किलोच्या आसपास खातं, म्हणजे २५ पिल्लांना एक पोतं पुरत आलं. चार घरांनी एकत्र आणलं तर भाडंही वाटलं जातं.

रात्री झोपण्याआधी कड्याजवळ खाली बसा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून बसली असतील तर उकाडा आहे, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर पलीकडून वारा येतोय, फट शोधा. सगळीकडे पसरून, काही खातायत, काही पाय पसरून झोपलीत, अधूनमधून हळू चिवचिव, असं दिसलं की तुम्ही झोपायला मोकळे. दोन-तीन पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली तर ते पिल्लू खात नाहीये, त्याला वेगळं पाणी पाजा. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून काढा.

वीज गेली तर? गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा आणि वरून अर्धं कडं चादरीने झाका. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तिच्या धुराने पिल्लं आणि माणसं दोघंही जातात.

घरात खुडूक गावरान कोंबडी असेल तर आणखी एक वाट आहे. ती चार-पाच दिवस अंड्यांवर बसून चांगली स्थिरावली असेल, तर रात्री अंधारात तिच्याखालची अंडी काढून दहा-बारा पिल्लं सरकवायची. सकाळी ती त्यांना आपलीच मानते. मानलं नाही, चोच मारली, तर लगेच काढून घ्या. हे करून पाहण्यासारखं आहे, पण भरवसा बल्बवरच ठेवा.

तूस कोरडं, तर पिल्लू बरं

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण येते. कॉक्सिडिओसिस म्हणतात तिला. तिचे जंतू ओल्या तुसात वाढतात. पिल्लू पंख पाडून, मान आखडून एका जागी उभं राहतं आणि विष्ठेत रक्त दिसतं. अशा वेळी दवाखान्यातून ॲम्प्रोलियम आणून सांगितल्याप्रमाणे पाण्यातून सगळ्या पिल्लांना द्यायचं, नुसतं आजारी एकाला देऊन भागत नाही.

पण हे औषध लागूच नये अशी व्यवस्था करा. तूस रोज सकाळी हाताने किंवा दाताळ्याने खालीवर हलवा. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस त्याच दिवशी उचलून बाहेर टाका. भांडं विटेवर ठेवा, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे पाणी सांडत नाही आणि त्यात विष्ठा पडत नाही. मूठभर तूस घट्ट दाबून सोडा: गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, मोकळं सुटलं तर ठीक. आणि नाक पिल्लांच्या उंचीवर नेऊन वास घ्या. उभ्या माणसाला जो वास येत नाही, तो पिल्लू दिवसभर श्वासात घेत असतं.

लस

आता माझ्या खऱ्या कामाची गोष्ट. मानमोडीला डॉक्टर राणीखेत म्हणतात. हिरवट-पांढरी पातळ हगवण, घरघर, खाणं बंद, मग मान मुरगळते, पाय लुळे पडतात. लागण झाल्यावर औषध नाही. दुकानातून आणलेली अँटिबायोटिक इथे काही करत नाहीत, कारण रोग विषाणूचा आहे. आधी दिलेली लस हाच एक उपाय.

"ताई, माझ्या तर गावरानच आहेत, त्यांना कशाला लस?" असं दर वाडीत कुणीतरी विचारतंच. गावरान कोंबडी काटक असते ती उन्हा-पावसाला आणि वेचून खाण्याला. मानमोडीपुढे तिचा काटकपणा चालत नाही.

क्रम साधारण असा असतो, तुमच्या डॉक्टरांकडून तो पक्का करून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या विषाणू रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटाचा दुसरा डोस, पाण्यातून दिला तरी चालतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी हे मानमोडीचंच इंजेक्शन, आणि पुढे दर वर्षी उन्हाळा लागण्याआधी तेच. आर-टू-बीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. आजारी किंवा अशक्त पक्ष्याला लस देऊ नका.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. दुकानातून आणताना थर्मासात बर्फ घालून आणायची, पिशवीत टाकून एसटीने आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. थेंब देताना पिल्लू डाव्या मुठीत धरा, मान आडवी करा, डोळ्यात थेंब टाका आणि तो डोळ्यात जिरेपर्यंत सोडू नका. लगेच सोडलं तर ते मान झटकतं आणि थेंब बाहेर पडतो. पाण्यातून द्यायची असेल तर आधी दीड-दोन तास पक्ष्यांपुढचं पाणी उचलून ठेवा, लसीसाठी पाणी विहिरीचं घ्या, नळाचं क्लोरिनवालं नको, आणि लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा.

मोठ्या कोंबड्या दिवसा हाती लागत नाहीत. म्हणून मी उजाडायच्या आत जाते, खुराडं उघडायच्या आधी. आदल्या संध्याकाळी चारही घरांना निरोप द्यायचा, सकाळी पहिल्या घरी बाटली फोडायची आणि तिथून पुढे चालत सुटायचं. दोन तासांत चौथ्या घरचा शेवटचा पक्षी झाला पाहिजे. वाडीतली बाकीची घरंही त्याच वेळी बोलवा. शेजारच्या अंगणात रोग नाचत असेल तर तुमच्या पुढच्या पिल्लांना, ज्यांचं लसीचं वय अजून झालेलं नाही, त्यांना तो गाठतोच.

रोग बहुतेक वेळा पायांनी चालत येतो. चैत्रात गावची यात्रा असते, पाहुणे येतात, बाजारातून कोंबडा आणला जातो आणि दोन दिवस आपल्याच कोंबड्यांत सोडला जातो. तो वरून धडधाकट दिसत असला तरी बाजारात शंभर ठिकाणच्या कोंबड्यांत बसून आलेला असतो. नवा पक्षी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. त्याला दाणापाणी सगळ्यात शेवटी करा आणि हात धुवा.

मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती. आणि एकदम पुष्कळ कोंबड्या मरायला लागल्या तर त्या विकायला काढू नका, खाऊही नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरमध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. लवकर कळवलं तर रोग तिथेच अडवता येतो.

देवीचे फोड पावसाळ्यात तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती येतात, डासांमुळे पसरतात. आम्ही हळद आणि खोबरेल तेल लावतो, त्याने खपल्या मऊ पडतात. डोळा झाकला गेला असेल तर त्या पक्ष्याला हाताने भरवावं लागतं, कारण दिसत नाही म्हणून तो उपाशी मरतो.

बाहेर सोडणं आणि खाणं

सहा आठवडे झाले, पिसं भरली, की खुराड्यात हलवा. पहिले तीन-चार दिवस आतच ठेवा, म्हणजे घर कळतं. मग संध्याकाळी, दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा. अंधार पडला की ती आपोआप आत येतात. रोज एकाच डब्यात दाणे वाजवून बोलवा, त्या आवाजाची सवय लागली की घार आली तरी एका हाकेत गोळा करता येतात. अंगणात तुरीची, शेवग्याची, करवंदीची आडोशाची झाडं असतील तर घारीला सूर मारता येत नाही.

बाहेर चरून पक्ष्याचं अर्धं पोट भरतं, बाकीचं आपण द्यायचं. मोठ्या कोंबडीला ५०-६० ग्रॅम, म्हणजे सकाळी थोडं आणि संध्याकाळी जास्त. घरी मिश्रण करायचं तर १० किलोला साडेपाच किलो मका किंवा बाजरीचा भरडा, अडीच किलो सोयाबीनची पेंड, दोन किलो भाताचा कोंडा, वर २०० ग्रॅम क्षारमिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते त्यांना पचत नाही. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड तर खुराड्याच्या जवळही आणू नका, तिच्यातलं विष यकृतात जातं. शेवग्याचा पाला, मेथीघास, भाजीची देठं रोज चालतात.

वाळवी हे पिल्लांना फुकटचं उत्तम खाद्य. जुन्या मडक्यात शेण, गोणपाटाचे तुकडे आणि पालापाचोळा भरायचा, पाणी शिंपडायचं आणि जिथे वाळवीची माती दिसते तिथे संध्याकाळी उपडं घालायचं. सकाळी ऊन चढायच्या आत उचललं की मडकं वाळवीने भरलेलं असतं.

अंड्यावर आल्यावर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. ज्या कोंबडीला लागतो ती स्वतः खाते. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तर पहिलं हेच बघा. अंगणाच्या कोपऱ्यात छपराखाली राख आणि माती मिसळून खड्डा करा, त्यात लोळून त्या उवा-पिसवा झाडतात. पावसाळ्यात हा खड्डा कोरडा राहिला पाहिजे. आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, हे कॅलेंडरवर खूण करून ठेवा, कारण जंत झालेली कोंबडी सहसा मरत नाही, नुसती खात राहते आणि अंडी देत नाही.

अंडी बसवणं आणि कोंबडा बदलणं

नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची असतील तर दहा माद्यांमागे एक पुरे. त्यासाठी अंडी सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली घ्या आणि बसवेपर्यंत निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा. एका कोंबडीखाली दहा-बाराच ठेवा. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा: आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नुसता पिवळा उजेड दिसला तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. वाडीतल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या तर पिल्लंही एका वयाची होतात आणि लासोटाची एकच बाटली सगळ्यांना पुरते. पिल्लं घेऊन फिरणाऱ्या कोंबडीला पहिले दोन आठवडे अंगणात डालग्याखाली ठेवा, घारीचा डोळा त्याच वयावर असतो.

नर आखाडात विकताना नजरेने सौदा करू नका, काट्यावर तोला. दारावर येणारा व्यापारी पाय बांधलेला कोंबडा हातात तोलून भाव सांगतो, तेव्हा तुमचा ताणकाटा खुंटीला टांगलेला असू द्या. आलेल्या पैशातून पुढच्या खाद्याच्या पोत्याचे आणि लसीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा.

सगळे नर मात्र विकू नका. उंच पायांचा, रुंद छातीचा, पिल्लांना दाणा दाखवून बोलावणारा एक राखा, आणि तो आपल्याच माद्यांत सोडण्याऐवजी दुसऱ्या गावच्या ओळखीच्या घराशी अदलाबदल करा. एकाच खोक्यातले नर-माद्या वर्षानुवर्षे एकत्र राहिल्या की अंडी कमी उबतात आणि पिल्लं खुजी निघतात. बदलून आलेला कोंबडाही आधी दोन आठवडे वेगळा ठेवा, त्याला आर-टू-बी दिलंय का ते त्या घरी विचारा, आणि दिलं नसेल तर देऊन झाल्यावर आणखी दोन आठवडे थांबून मग आपल्यात सोडा.